सोलापूर लाल डाळिंब: लावावं का, कुणी लावावं?

सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं हे संकरित वाण 2017 साली आलं. पोषणात ते सरस आहे: 100 ग्रॅम ताज्या दाण्यांत लोह 5.6 ते 6.1 मिलिग्रॅम, गणेश या जुन्या वाणात 2.7 ते 3.2. उत्पादन हेक्टरी 23 ते 27 टन.

अडचण आहे ती विक्रीत. बाजारात दर रंगावर आणि आकारावर ठरतो, लोहावर नाही, आणि निर्यात मुख्यतः भगवा या वाणावर चालते. त्यामुळे रस किंवा प्रक्रियेचा खरेदीदार आधी पक्का करा, मगच मोठी लागवड. नाहीतर दोन ओळी लावून बघा.

तेल्याची, म्हणजे पानाफळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची, काळजी इथेही सुटत नाही. गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) रोगट बागेतलं असेल तर रोग कलमाबरोबरच येतो. अंतर 4.5 बाय 3 मीटर, म्हणजे एकरी साधारण 300 झाडं. दाटीत हवा खेळत नाही आणि पानं ओली राहतात. छाटणी डागाच्या दोन इंच खाली, कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून. मग लगेच 1 टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत कालवून मग एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. द्रावण त्याच दिवशी संपवा.

असं वाण खासगी रोपवाटिका काढणार नाही. फळझाडाचा संकर, निवड, चाचण्या यांत वर्षं जातात आणि शेवटी गुटी बांधून कुणीही ते नेतो. म्हणून इथे सरकारी पैसाच लागतो. देशाचा संशोधनखर्च 2020-21 मध्ये जीडीपीच्या 0.64 टक्के होता. दक्षिण कोरियाचा 5 टक्क्यांच्या आसपास. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेला 1 लाख कोटींचा संशोधन निधी मुख्यतः खासगी क्षेत्रासाठी आहे, तोही प्रयोगशाळेत सिद्ध होत आलेल्या तंत्रज्ञानासाठी. तेल्याला दाद न देणाऱ्या वाणाचा शोध हा त्याच्या कितीतरी आधीचा टप्पा. त्यासाठी डाळिंब संशोधन केंद्रालाच थेट आणि सलग पैसा मिळायला हवा.

तोवर तेल्या दरवर्षी येणाऱ्या बागेत मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) सोडून हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरचा) धरा. फळ वाढताना पाऊस नसतो, पण मार्च-एप्रिलपर्यंत विहिरीला पाणी हवं.