एमजीबीचे म्हणून अ‍ॅम्बॅसेडरचे भाग: जुन्या गाडीसाठी स्पेअर मागवताना झालेली फसवणूक

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका शेडमध्ये एक एमजीबी, म्हणजे साठच्या दशकातली ब्रिटिश स्पोर्ट्स कार, कित्येक वर्षं उघडून पडली होती. ती पुन्हा उभी करायची म्हणून भाग मागवले: क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा), चार पिस्टन, एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरची जोडी आणि तारेच्या चाकांचे चार मधले नट. निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ गेली. खोक्यात बहुतेक माल निघाला अ‍ॅम्बॅसेडरचा, घासूनपुसून काळा रंग मारलेला. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. त्याची रीत मात्र सगळ्यांना कळायला हवी, कारण ती अर्धी खरी आहे आणि जाणती माणसंही तिथेच फसतात.

‘दोन्ही बी सिरीजच आहेत साहेब’ हे त्याचं वाक्य खरंच आहे. अ‍ॅम्बॅसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्हींचं मूळ बीएमसी या ब्रिटिश कंपनीची बी सिरीज ही इंजिनमालिका. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, तीसुद्धा दोन्हींची ८८.९ मिमी. फोटोत ओळखू येत नाही ते इथेच.

फरक मापात आहे. अ‍ॅम्बॅसेडरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, सुमारे ७३ मिमी, एमजीबीचा ८०.२६. आलेले पिस्टन सात मिलिमीटरने लहान, त्यावर उत्तर आलं, ‘लायनर ठोका, बसेल.’ म्हणजे सिलिंडरात आतून नळी बसवून तो अरुंद करायचा. तसं केलं तर ते इंजिन पुन्हा १४८९ सीसीचंच होतं. मग एमजीबी उभी करून उपयोग काय?

क्रँकची चलाखी जास्त वाईट. १९६४ च्या अखेरीपासूनच्या एमजीबीला क्रँक ज्यांवर फिरतो ती मेन बेअरिंग पाच आहेत, अ‍ॅम्बॅसेडरला तीन. पण १९६२ ते १९६४ च्या पहिल्या एमजीबीलाही तीनच होती, म्हणून ‘हा सुरुवातीच्या गाडीचा आहे’ अशी पळवाट त्याच्याकडे तयार असते. नुसती बेअरिंग मोजून भागत नाही, मायक्रोमीटर लावा. एमजीबीचं मेन जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये बसणारा गोल भाग, सुमारे ५४ मिमी, १४८९ सीसीचं ५०.८. ‘ग्राइंड केलंय म्हणून बारीक आहे’ हेही ऐकू नका: चाळीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासलं तरी जर्नल ५३ च्या आसपास राहतं, ५०.८ पर्यंत उतरत नाही.

कार्ब्युरेटर एचएस४ म्हणून विकले. त्यांचा घसा दीड इंच, म्हणजे ३८ मिमी हवा. आले ते सव्वा इंची एचएस२. जोडी अस्सल असली तरी थ्रॉटलचा दांडा हलवून बघाच. तो ढिला असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडलिंग कधीच बसत नाही. चाकांचे चारही नट एकाच आट्याचे होते. गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीचे आटे आणि उजव्या बाजूला उलटे, असे दोन-दोन लागतात. चुकीचा नट चाक फिरताना सैल होत जातो. पैसे बुडाले तर बुडाले, इथे जिवाशी खेळ आहे.

विश्वास बसवण्यासाठी त्याने आधी डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट आणि गॅस्केट असा किरकोळ माल वेळेवर, योग्य पाठवला. मोठी रक्कम त्यानंतर मागितली. मग ‘माल कस्टम्समध्ये अडकलाय, आणखी भरा’ असा फोन आला. आयातीची ड्युटी बिल ऑफ एंट्रीवर (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं कागदपत्र) सरकारकडे जमा होते, विकणाऱ्याच्या खासगी खात्यात कधीच नाही. एअरवे बिलाचा, म्हणजे विमानाने आलेल्या पार्सलच्या पावतीचा, नंबर मागा आणि कुरिअर कंपनीकडे स्वतः तपासा.

वर्षानुवर्षं थांबलेल्या गाडीचा मालक जाळ्यात सापडतो तो एका कारणाने: जुळवून बघायला मूळ भाग हाताशी उरलेला नसतो. म्हणून खरेदीआधी स्वतःचं इंजिन मोजा. ब्लॉकच्या उजव्या बाजूच्या पट्टीवर इंजिन नंबर असतो. १८जीबी म्हणजे पाच बेअरिंगचं. पण पट्टी रिव्हेटची असते, बदललेली असू शकते, तेव्हा सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) काढून मेन बेअरिंगच्या कॅप किती आहेत ते मोजा. बोअर आधीच चाळीस थाऊ वाढवलेला असेल तर स्टँडर्ड पिस्टन अस्सल असूनही फुकट. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मशीनचं काम करणारे लेथवाले ही मापं नीट काढून देतात. कागदावर लिहून घ्या. विकणाऱ्याकडे एएचएच, बीएचएच असा मूळ भाग क्रमांक मागा, आणि जर्नलवर मायक्रोमीटर लावलेला, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवलेला फोटो. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

१९६७ आधीच्या एमजीबीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. निगेटिव्हचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन गळ्यात मारलं तर जोडताक्षणी जळतं. ब्रेकची ‘जुनी पण न वापरलेली’ रबरं घेऊच नका, पाकिटात पडूनही ती कडक होतात.

पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा. पहिले काही तास फार मोलाचे. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. आणि तक्रार निकाली निघेपर्यंत तो क्रँक कुणा अ‍ॅम्बॅसेडरवाल्याला विकू नका, त्यावरचा काळा रंगही खरवडू नका.