पोलराइज्ड गॉगल होडीवर वापरून आठ महिने झाले, घ्यायच्या आधी स्क्रीनचा घोळ वाचा

ऑक्टोबरमध्ये २,४०० रुपयांना पोलराइज्ड गॉगल घेतला, आता जून लागला, होडी वर ओढून शाकारून ठेवलीय म्हणून निवांत लिहायला बसलोय. आमची मालवणची फायबरची होडी, आउटबोर्ड इंजिन, बाबा आणि मी जाळी टाकतो. म्हणजे गॉगल रोजचा, सकाळपासून दुपारपर्यंत डोळ्यांवर.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच खूप चांगलं आहे. साधा काळा गॉगल सगळंच काळं करतो, चमक पण आणि पाणी पण. हा पण उजेड कमी करतोच, पण चमक त्याहून जास्त काढतो. पाण्यावरून उसळून डोळ्यात येणारा जो उजेड असतो त्याची कंपनं बरीचशी आडवी असतात आणि ही काच आडवी अडवते, उभीच तेवढी आत सोडते. थंडीत सकाळी दहाच्या आसपास सूर्य साधारण ३७ अंशांवर असतो तेव्हा तर पाण्यावरचा चमकता पत्रा कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं होतं, खालचा खडक दिसतो, खडकावरचं शेवाळ दिसतं, जाळ्याचा दोर दोन वाव (साधारण बारा फूट) खालपर्यंत जाताना दिसतो. संध्याकाळी सूर्य अगदी पाण्याला टेकला की मात्र एवढा फरक पडत नाही, चमक बऱ्यापैकी तशीच राहते. पण दुपारी घरी आल्यावर कपाळ ठणकायचं ते या वर्षी बंद झालं, माझ्यासाठी तेवढ्यातच पैसे वसूल.

आता घोळ. जानेवारीत ओहोटीच्या टायमाला देवबागला कर्लीच्या मुखातून आत येत होतो. तिथली वाळू दर पावसाळ्यानंतर जागा बदलते, गेल्या वर्षीचा रस्ता या वर्षी चालेलच असं नाही, म्हणून मी फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या स्क्रीनवर, खोली बघत येतो. बघितलं तर स्क्रीन काळी. मला वाटलं वायर सुटली. एका हाताने इंजिन धरून वाकलो, मान वाकडी करून खालची वायर दाबली, स्क्रीन आली. सरळ झालो, गेली. परत वाकलो, परत आली. झालं, मी ठरवूनच टाकलं की लूज कॉन्टॅक्ट आहे आणि तीच वायर हलवत बसलो. बाबा मागून ओरडले, "अरे झिला, दिसता मां सगळा, खयची वायर हलवतंस?" त्यांच्या डोळ्यांवर साधा गॉगल होता, त्यांना खोली स्पष्ट दिसत होती, तीन फूट. तेवढ्यात इंजिनाचा पंखा वाळूत घुसला. इंजिन वर उचललं, बाबांनी काठीने ढकललं, मागून लाट आली तिनेच सोडवलं म्हणायचं. पंख्याचं एक पातं चेपलं, बाकी काही नाही, पण भरलेल्या होडीत काय झालं असतं हा विचार अजून जात नाही.

वायर पहिल्यापासून ठीकच होती. एलसीडी स्क्रीनच्या पुढच्या बाजूला पण अशीच पोलराइज्ड फिल्म असते, उजेड एकाच दिशेचा होऊन बाहेर पडतो. ती दिशा आणि गॉगलची दिशा एकमेकांना आडवी आली की स्क्रीन काळी, मान कलवली की दिशा थोडी जुळते आणि स्क्रीन परत येते. मी वाकत होतो म्हणून दिसत होतं, वायरचा संबंधच नव्हता. घरी येऊन सगळं तपासलं. माझा जुना एलसीडी मोबाईल उभा धरला तर ठीक, आडवा केला की काळा. भावाचा ओलेडवाला (दुसऱ्या प्रकारच्या स्क्रीनचा) दोन्हीकडून दिसतो, फक्त रंग थोडे बदलतात.

उपाय म्हणून एक जुगाड केला, साधा प्लॅस्टिकचा स्क्रीन गार्ड स्क्रीनवर तिरका, साधारण ४५ अंशात चिकटवला. सरळ लावून उपयोग झाला नव्हता, तिरका लावल्यावर दिसायला लागलं, मध्ये मध्ये इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात पण आकडा वाचता येतो. तरी खाडीच्या मुखाशी आलो की मी गॉगल काढून गळ्यात टाकतो, दोरी त्यासाठीच लावलीय. चमक डोळ्यात जाते ते परवडलं.

बाकी, काचेवर खारं पाणी उडतं ते सुकल्यावर शर्टने पुसू नका, आधी गोडं पाणी ओता. माझ्या डाव्या काचेवर मिठाचे बारीक चरे पडले ते पहिल्याच महिन्यात याच चुकीने. आणि अंधार पडायला लागला की काढाच, काळेपणाच्या हिशोबात तीन नंबर कॅटेगरीची ही काच ८ ते १८ टक्केच उजेड आत सोडते, तिन्हीसांजेला समोरच्या जाळ्याचा बोया दिसत नाही.

गॉगल पोलराइज्ड आहे का हे दुकानात बघायला लेबल नको, मोबाईलसमोर धरून फिरवा, स्क्रीन कमी-जास्त झाली की खरा. ओलेड असेल तर फरक नीट कळेलच असं नाही, मग तसलाच दुसरा गॉगल घेऊन काचेवर काच आडवी धरा, काळं झालं पाहिजे.

३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपली की नवीन फिशफाइंडर घ्यायचाय. काही नव्या मरीन स्क्रीन गॉगल घालून पण वाचता येतील अशा बनवतात म्हणे, पण मी नुसत्या बोलण्यावर घेणार नाही. हाच गॉगल घालून दुकानात जाणार, स्क्रीन चालू करायला लावणार आणि मान दोन्ही खांद्यांकडे कलवून बघणार.