फर्स्ट इयरचं इंडक्शन: जावं की घरीच राहावं?

सीट फ्रीझ म्हणजे पक्की केली, फी भरली, की कॉलेजचा पहिला मेसेज येतो तो इंडक्शनचा, म्हणजे नव्या पोरांना कॉलेजची ओळख करून देणाऱ्या कार्यक्रमाचा. आणि लगेच पोरांच्या ग्रुपवर एकच प्रश्न: 'कंपल्सरी आहे का बे?' मी वडसा-देसाईगंजची, सध्या नागपुरात हिंगणा रोडकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सेकंड इयरला. नाव लिहीत नाही, अजून तिथंच शिकायचं आहे.

एआयसीटीईनं, म्हणजे देशाच्या तंत्रशिक्षण परिषदेनं, नव्या पोरांसाठी तीन आठवड्यांचा कार्यक्रम आखून दिलाय. त्या काळात नेहमीचे तास नाहीत. सकाळी खेळ नाहीतर योगा, मग एखादी कला, मानवी मूल्यांवर चर्चा, आसपासच्या ठिकाणांना भेटी आणि वीसेक पोरांमागे एक मेंटर शिक्षक. आयआयटी गांधीनगरनं २०११ मध्ये पाच आठवड्यांचा फाउंडेशन प्रोग्राम सुरू केला होता, तशा प्रयोगांवरून हे आलं. बीए-बीएस्सीवाल्यांसाठी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 'दीक्षारंभ' आहे, २०१९ पासून. कागदावर सगळं झकास. आमच्याकडे मात्र तीन आठवड्यांचं काम आठवड्याभरात उरकलं आणि त्यातला निम्मा वेळ ऑडिटोरियमनं खाल्ला.

ऑडिटोरियममध्ये काय? दीपप्रज्वलन, सत्कार, प्लेसमेंटच्या स्लाइडी, पुन्हा सत्कार. एक मोटिव्हेशनल स्पीकर आले आणि 'कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा' असं सांगून गेले. समोर बसलेल्या अर्ध्या पोरी आयुष्यात पहिल्यांदा घर सोडून आलेल्या, एका खोलीत तिघी, रात्रभर डासांनी फोडलेल्या. आणखी कुठून बाहेर पडायचं बापा? या भागाला शून्य.

पण मेंटर ग्रुप चुकवू नका. आमच्या मॅडमनी भाषण दिलंच नाही. सरळ कॉम्प्युटर लॅबमध्ये नेलं आणि म्हणाल्या, "पोट्टे हो, महाडीबीटी उघडा." म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल. कोणाला कोणती योजना लागू होते ते एकेकाजवळ बसून पाहिलं. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून आलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, हे माझ्या शेजारणीला तिथं कळलं. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, हेही. एका पोराचं खातं गावच्या बँकेत, त्याला आधार जोडलेलंच नाही. मॅडम म्हणाल्या, "आजच बँकेत जा. मार्चमध्ये 'मॅडम, पैसे काहून नाही आले' म्हणत माझ्या केबिनबाहेर उभा राहू नको." पोरगा दुपारी गेला.

मग त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "जेवण कुठं लावलंस?" एक जण दोन्ही वेळ तर्री-पोह्यावर काढत होता. सीनिअर्सनी तिथंच मेसची नावं दिली आणि एक अट शिकवली: खाडा धरत असतील तरच महिना लावायचा, नाहीतर शनिवार-रविवार गावी गेलं तरी पैसे जातात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या स्लाइडींत हे कुठंच नव्हतं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे बडग्या. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडग्या हे पुतळे मिरवून जाळतात, सगळी इडापिडा घेऊन जा म्हणून. पोळा जवळ आला होता. क्रिएटिव्ह आर्टच्या तासाला ड्रॉइंग शीट वाटणार होते, पण नागपूरचा एक सीनिअर बांबूच्या कामट्या, रद्दी आणि कुणाचा तरी फाटका शर्ट घेऊन आला. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या मुलीला मारबत म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिला सांगताना आम्ही सगळे आपोआप नागपुरी हिंदीवर आलो आणि तोवर गप्प बसलेली पोरंही मधे तोंड घालू लागली. बडग्याच्या गळ्यातली पाटी यवतमाळच्या सगळ्यात लाजऱ्या पोरानं लिहिली: 'बॅकलॉग, सबमिशन, सकाळी आठचं लेक्चर घेऊन जा गे मारबत!' तो आता आमचा सीआर, म्हणजे वर्ग प्रतिनिधी आहे.

आता खरी तक्रार. इंडक्शन संपतं तेव्हा प्रवेश संपलेले नसतात. शेवटच्या कॅप राउंडला किंवा संस्थास्तरावर आलेली पोरं पोचतात तेव्हा लॅबच्या बॅचेस पडलेल्या, मैत्र्या जमलेल्या. माझी रूममेट अशीच उशिरा आली. तिला मेंटर कोण हे कुणी सांगितलं नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम कळला तो डिटेन्शनच्या, म्हणजे हजेरी कमी म्हणून अडवलेल्यांच्या यादीत नाव लागल्यावर. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर आम्हाला पहिल्या दिवशी स्लाइडवर दाखवला होता, तिला तोही नाही. (उशिरा येणाऱ्यांनो, लिहून घ्या: १८००-१८०-५५२२.) ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज, तेच नेमके वगळले जातात. पुन्हा सत्कार-बित्कार नको, अशा पोरांसाठी लॅबमधली एक दुपार परत घेतली तरी पुरे. मी हे फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलं होतं. यंदाही तसं काही झालेलं नाही.

माझ्याकडून पाचपैकी तीन. हे तीनही गुण मॅडमचे आणि बडग्याचे, ऑडिटोरियमला त्यातलं काही नाही. उशिरा आलात तर ऑफिसात जाऊन 'माझा मेंटर कोण' हे विचारा आणि नाव मिळेपर्यंत खिडकी सोडू नका. येताना आधार, पासबुक, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल यांच्या झेरॉक्सचे दोन-दोन सेट आणा. आणि एक कुलूप. होस्टेलच्या कपाटाला ते आपलंच लावावं लागतं, आणि कॉलेज सुरू झालं की गेटसमोरच्या दुकानात ते दुप्पट भावानं मिळतं.