तुटलेलं नेट आपोआप जोडायचं: विंडोज, टास्क शेड्यूलर की राउटर?

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत माझ्या ओळखीची बरीच घरं अजून अशी आहेत की लोकल केबलवाल्याची तार थेट कॉम्प्युटरला लावलेली असते. सकाळी 'ब्रॉडबँड कनेक्शन'वर डबल क्लिक करायचं आणि 'कनेक्ट' दाबायचं, की नेट सुरू. फोनची लाइन नाही, मोडेमची किरकिर नाही, तरी डायल करावंच लागतं. कारण पीपीपीओई ही पद्धत (आरएफसी २५१६, फेब्रुवारी १९९९) डायल-अपमधलाच पीपीपी, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन दोन टोकं जोडायची रीत, इथरनेटच्या तारेवरून चालवते. त्यामुळे डायल-अपची दुखणीही आली. घरात इन्व्हर्टर असतो, पण शेजारच्या गच्चीवरच्या डब्यातल्या स्विचची लाईट जाते आणि कनेक्शन तुटतं. लाईट आली तरी नेट येत नाही, कारण पुन्हा डायल कुणी करायचं?

ते काम आपोआप व्हावं यासाठी तीन जागा आहेत: विंडोजचा स्वतःचा री-डायल, टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी किंवा ठरावीक घटना घडली की काम चालवणारा विंडोजचा भाग) आणि राउटर. माझा कौल राउटरला आहे, पण तो सगळ्यांना लागू पडत नाही.

आधी एरर नंबर बघा

६७८, किंवा विंडोज ७ पासून पुढे ६५१, म्हणजे पलीकडून उत्तरच आलं नाही. इथे री-डायल उपयोगाचा आहे. स्विच जागा झाला की कनेक्शन लागेल. ६९१ म्हणजे युजरनेम-पासवर्ड नाकारला. रिचार्ज संपला असेल किंवा पासवर्ड खरंच चुकला असेल, तर दिवसभर डायल करूनही काही होणार नाही.

पण पासवर्ड बरोबर असतानाही ६९१ येतो, आणि लोक घाबरून पासवर्ड बदलायला धावतात. पावसाळ्यात लाईट गेल्यावर राउटरचा लॉग उघडून बघा. आधी पीएडीआय, पीएडीआय, पीएडीआय अशा ओळी ओळीने दिसतात: राउटर हाका मारतोय, ओ देणारं कुणी नाही. मग एक पीएडीओ येतो, म्हणजे गच्चीवरचा स्विच उठला. आणि लगेच खाली ऑथेंटिकेशन फेल! थोड्या वेळाने, काहीही न बदलता, आयपी मिळतो.

मधल्या वेळात घडतं ते असं. बहुतेक ठिकाणी एका खात्यावर एकच सेशन चालतं. तार अचानक मेली की 'कनेक्शन बंद करतोय' हा निरोप पलीकडे पोचतच नाही, आणि सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून आतच असता. तो ठरावीक वेळाने एलसीपी एको, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, पाठवतो आणि काही एकोंना उत्तर आलं नाही की मगच जुनं सेशन काढतो. तोवर दर पाच सेकंदांनी डायल केलंत तरी नकारच मिळणार, आणि वारंवार चुकीचं लॉगिन दिसलं म्हणून काही ऑपरेटर खातं थोडा वेळ अडवूनही ठेवतात. म्हणून किती वेळा डायल करायचं याची फार काळजी करू नका. दोन प्रयत्नांत अंतर किती ठेवायचं ते विचारपूर्वक ठरवा. मी एक मिनिटाच्या खाली जात नाही.

विंडोजचा स्वतःचा री-डायल

खर्च नाही, नवीन काही शिकायचं नाही. विंडोज एक्सपी आणि ७ मध्ये कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑप्शन्स' टॅब आहे. तिथे मुळात तीन प्रयत्न आणि एक मिनिटाचं अंतर असतं. अंतर ठीक आहे, पण प्रयत्न कमी पडतात. लाईट वीस मिनिटं गेली तर पहिल्या काही मिनिटांतच तीनही संपतात आणि मग विंडोज गप्प बसतं. आकडा भरपूर वाढवा. अंतराच्या यादीत एक सेकंदही सापडतो, तो निवडू नका. 'रीडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड'वर टिक हवी, आणि पासवर्ड विचारणारी टिक काढायला हवी; नाहीतर डायलची चौकट उघडून तुमच्या क्लिकची वाट बघत थांबते. एक्सपीवर 'रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर' ही सर्व्हिसही चालू लागते. नव्या विंडोजमध्ये ही खिडकी दिसली नाही, तर हेच आकडे रासफोन डॉट पीबीके या फाइलमध्ये असतात. नोटपॅडमध्ये उघडा, पण आधी कॉपी करून ठेवा.

घरात एकच कॉम्प्युटर असेल आणि समोर कुणीतरी बसलेलं असेल, तर एवढं पुरतं.

टास्क शेड्यूलर

कॉम्प्युटर एकटा चालू ठेवावा लागतो, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किंवा रात्रीचा बॅकअप असतो, आणि राउटर काही कारणाने लावता येत नाही, अशांसाठी हा मार्ग. कनेक्शन तुटलं की विंडोजच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये रासक्लायंटची (विंडोजच्या डायल करणाऱ्या भागाची) २०२२६ क्रमांकाची नोंद पडते. त्या नोंदीवर टास्क बांधायचा, मिनिटभर उशीर द्यायचा आणि रासडायल ही डायल करणारी कमांड चालवायची. डायल फसलं तर नोंद वेगळी, २०२२७. त्यामुळे नुसत्या २०२२६ वर विसंबलात तर पहिला प्रयत्न फसल्यावर सगळं थांबेल. म्हणून जोडीला दर पाच मिनिटांनी चालणारा दुसरा टास्क ठेवा. कनेक्शन आधीच चालू असेल तर रासडायल तसं सांगून बाजूला होतं, नुकसान नाही.

दोन गोष्टी मला यात खटकतात. तुम्ही स्वतः 'डिस्कनेक्ट' केलं तरी तीच २०२२६ पडते आणि थोड्या वेळात नेट परत जोडलेलं दिसतं. शिवाय रासडायलच्या ओळीत बऱ्याचदा पासवर्ड उघडा लिहावा लागतो. दुकानात किंवा क्लासमध्ये चार जण वापरतात त्या कॉम्प्युटरवर मी हे कधीच करणार नाही.

राउटर

राउटर चोवीस तास जागा असतो, विंडोज अपडेटसाठी रीस्टार्ट होत नाही, आणि घरातले फोनही त्याच कनेक्शनवर चालतात. सिल्वर मॉलमध्ये घ्यायला गेलात तर दुकानदार अँटेना दाखवेल. तुम्ही पीपीपीओई आणि मॅक क्लोन आहे का ते विचारा. बरेच केबलवाले खातं तुमच्या कॉम्प्युटरच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधतात, आणि तो क्रमांक राउटरवर उतरवून न घेता (म्हणजे क्लोन न करता) राउटर लावला की नेट लागत नाही. बिचारा राउटर बदनाम होतो.

सेटिंगमध्ये 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' निवडा. 'कनेक्ट ऑन डिमांड' म्हणजे वापर थांबला की कनेक्शन तोडायचं आणि कुणी काही मागितलं की जोडायचं. अनलिमिटेड प्लॅनमध्ये त्याचा काही फायदा नाही, उलट पहिलं पान उघडायला उगाच वेळ लागतो. राउटरला छोटा यूपीएस जरूर लावा. गच्चीवरचा स्विच चालू असेल तर तुमच्या घरची लाईट गेली तरी सेशन टिकतं आणि वर सांगितलेली ६९१ची भानगड कमी होते.

खरा फोन-मोडेम असेल तर

तिथे हिशेब उलटा. ६७६, म्हणजे नंबर बिझी, यावर कितीही री-डायल करा. बिझी कॉलचं बिल लागत नाही. पण जोडलेली लाइन तुटून पुन्हा लागली की प्रत्येक वेळी नवा कॉल मोजला जातो. म्हणून प्रयत्न भरपूर ठेवा, 'लाइन इज ड्रॉप्ड'वरची टिक मात्र काढा. खराब लाइनवर री-डायलच्या आधी मोडेमचा एस१० रजिस्टर वाढवा. बऱ्याच मोडेममध्ये तो १४ असतो, म्हणजे १.४ सेकंद कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा सिग्नल) हरवला की मोडेम फोन ठेवून देतो. तो ५० केला तर छोटी खरखर सोसून कनेक्शन टिकतं. कॉल वेटिंग बंद करा. आणि ६८०, म्हणजे डायल टोन नाही, येत असेल, तर डायल टोनची वाट बघण्याची टिक काढून बघा.