घटस्फोटाच्या काळात ध्यानाचं ॲप: वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात ॲपने पुढच्या वर्षाचे पैसे परस्पर कापले, म्हणून लिहायला बसले. नाव देत नाही, या सगळ्यांची तऱ्हा सारखीच असावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २४ तास आधी मेसेज आला होता, पण दिवाळी सेलच्या ढिगाऱ्यात. आधी हे सांगते: फोनवरून ॲप काढलं म्हणजे ऑटोपे बंद होत नाही. यूपीआयमध्ये जाऊन ते वेगळं रद्द करावं लागतं.

आमचं म्युच्युअल होतं, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब, पहिला अर्ज, मग सहा महिने थांबा. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय की हे सहा महिने माफ होऊ शकतात, पण त्यासाठी अर्जाआधी वेगळं राहून दीड वर्ष तरी झालेलं लागतं. आमचं वर्ष जेमतेम भरलेलं, त्यामुळे तो रस्ता बंद. ते सहा महिने कसे काढायचे म्हणून भावाने ॲप सुचवलं. त्याला काय, तो पुण्यात.

ॲपमध्ये काय काय असतं ते तुम्हाला माहीतच असेल: श्वास, बॉडी स्कॅन (शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष द्यायचं), झोपेच्या गोष्टी, एकही दिवस न चुकवण्याची रोजची साखळी. मी बोलणार आहे त्या मुस्कानबद्दल. हिंदी आवाज आहे, बाई बोलतेही गोड. पण प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, ‘चेहरे पर हल्की-सी मुस्कान लाइए.’ का? आत्ता वकिलांचा मेल वाचलाय, स्त्रीधनाच्या यादीत पाटल्या धरायच्या की नाहीत यावर दोन पानं, आणि हिला मुस्कान हवी! तेवढंच वगळून पुढे जायची सोय नाही. दुःखासाठीचं खास सत्र आहे, त्यातही मुस्कान. झोपेच्या सत्रात, दिवा बंद, डोळे मिटलेले, तिथेही मुस्कान. कोण बघणार आहे? सपोर्टला सविस्तर लिहिलं. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ आणि मैत्रिणीला पाठवायला २० टक्के सवलतीचं कूपन आलं. आता मैत्रिणींमध्ये कोणाचं मोडायला आलंय ते विचारत फिरू का?

पहिले काही आठवडे मी दोनच स्टार देणार होते. मांडी घातली की आईची हाक, ‘अगं, डोळे मिटून बसलीस तर मेथी कोण निवडणार?’ डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एकांत मिळायचा तो बाथरूममध्ये, आणि तिथे बाहेर रांग.

मत बदललं ते बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात, समुपदेशकांच्या खोलीत. नवरा म्हणाला, ‘फ्रिजचे हप्ते मी भरलेत.’ एरवी मी तिथल्या तिथे गेल्या दहा वर्षांचा हिशोब काढला असता. त्या दिवशी आधी कळलं की फाइलचा कोपरा तळहातात रुतलाय आणि दाढा एकमेकींवर आवळल्यात. बॉडी स्कॅनमध्ये रोज जबडा सैल सोडायला लावतात, तो आपोआप सोडला गेला. एक श्वास बाहेर गेला. मग म्हटलं, ‘ठीक आहे, यादीत लिहा.’ एवढंच. राग गेला नव्हता, ठाण्यापर्यंत लोकलमध्ये सोबत होता. पण राग येणं आणि तोंड उघडणं यांच्यात थोडी जागा मिळाली, आणि त्या जागेमुळे कोर्टाची एक तारीख वाचली. वकिलांची फी ज्यांनी भरली आहे त्यांना या वाक्याची किंमत कळेल. रात्रीच्या व्हॉट्सॲपचंही तेच: उत्तर टाइप करायचं, पाठवायचं नाही, सकाळी बघायचं. सकाळी बहुतेक वेळा खोडलंच जायचं.

म्हणून चार स्टार? नाही. पहाटे तीनला जाग आल्यावर अंधारात डोळे मिटून बसले की माझे विचार शांत व्हायच्या ऐवजी चेकाळायचे. ॲप याबद्दल अवाक्षर काढत नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, अशा वेळी बसू नका, दिवा लावा, चाला. मानसिक त्रासात बोलण्यासाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. दहा दिवसांच्या विपश्यनेच्या अर्जातही मानसिक आजार आणि औषधं विचारतात, तो रकाना खरा भरावा. मी इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचा अर्ज भरायला घेतला होता, पण दहा दिवस फोन जमा करायचा आणि मध्येच वकिलांचा निरोप आला तर? राहिलं.

आणि श्वासाने कागद हलत नाहीत. जॉइंट खातं, एलआयसीचं नॉमिनेशन, पीएफचं नॉमिनेशन, गॅसचं कनेक्शन कोणाच्या नावावर. या सगळ्यासाठी शनिवार घालवावे लागतात. छान ध्यान झालं की सगळं मार्गी लागल्यासारखं वाटतं, तेव्हा विशेष सांभाळा.

गोराईच्या विपश्यना पॅगोडात जाऊन आले. बोरिवलीहून खाडीपर्यंत जायचं, मग बोट. २००९ मध्ये उद्घाटन झालेला हा घुमट आत एकही खांब नसलेला, आठेक हजार माणसं बसतील एवढा. आलेल्यांना थोडा वेळ आनापान शिकवतात, म्हणजे नुसता श्वास पाहायचा. पैसे घेत नाहीत. ॲपमध्ये मी जे विकत घेतलं त्याचा निम्मा गाभा तिथे बोटीच्या तिकिटात मिळाला, आणि कोणी मुस्कान मागितली नाही.

सध्या फोनचा साधा टायमर लावते, आई उठायच्या आधी, ओट्याशेजारी स्टुलावर. ॲप घ्यायचंच असेल तर महिन्याचं घ्या, वर्षाचं नको. ध्यानाला चार, ॲपला दोन. जबड्याचं शिकवलं नसतं तर एकच दिला असता.