‘परत फिरा’ म्हणजे नेमकं कुठे? भायखळ्यातल्या संदेष्टे-वाचन वर्गाचं परीक्षण

आठ रविवार, सकाळी दहा ते बारा, जागा भायखळा स्थानकापासून पायी दहा मिनिटांवरचं एक सभागृह. शिकवणं पूर्ण मराठीतून, हिब्रू शब्द देवनागरीत लिहून. वर्ग एका लहानशा अभ्यासमंडळाचा आहे आणि विषय एकच: बायबलच्या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांनी, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांनी, लोकांना ‘परत फिरा’ म्हणून जी हाक दिली, ती मुळात काय होती. मराठी ख्रिस्ती आणि बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू), दोन्ही घरांतली माणसं एकाच बाकावर बसून आमोस आणि यिर्मया वाचतात, असं मुंबईत फार ठिकाणी होत नाही. नुसतं तेवढ्यासाठीही हा वर्ग करण्यासारखा आहे. पण त्याचं खरं बळ वेगळ्या ठिकाणी आहे.

पश्चात्ताप म्हटलं की आपल्या कानाला आधी रडणं ऐकू येतं. शब्दच तसा आहे: पश्चात्, म्हणजे मागाहून, होणारा ताप. संदेष्ट्यांचा शब्द मात्र ‘शूव’. त्याचा साधा अर्थ वळणं, माघारी येणं. वाट चुकलेला माणूस फिरतो, गेलेलं सैन्य परततं, तेव्हाही हेच क्रियापद येतं. हिब्रू शास्त्रात ते हजाराहून जास्त वेळा आलं आहे. मनाला वाईट वाटणं यासाठी ‘नाहाम’ हे निराळं क्रियापद आहे. आज रूढ असलेलं ‘तेशुवा’ हे नाम याच ‘शूव’वरून आलं, पण पश्चात्ताप या अर्थाने ते रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मशिक्षकांच्या, काळात रुळलं. पहिल्या रविवारी एवढंच शिकवतात आणि दोन तास पुरत नाहीत. याच दिवशी यशयाच्या पहिल्या अध्यायातली १६ आणि १७ ही वचनं फळ्यावर लिहून आज्ञा मोजायला लावतात. धुवा, शुद्ध व्हा, दूर करा, थांबा, शिका, शोधा, सावरा, न्याय करा, बाजू मांडा. नऊ आज्ञा, आणि त्यांत ‘दुःखी व्हा’ अशी एकही नाही. विषयात शिरायला याहून चांगलं दार नाही.

दुसरा रविवार आमोसचा, आणि तो या वर्गाचा सर्वांत भक्कम तास आहे. आमोस तकोव्याचा, यरुशलेमच्या दक्षिणेला साधारण सोळा किलोमीटरवरच्या गावचा. काळ इ.स.पू. ७६०च्या आसपासचा. तो स्वतःला गुरं राखणारा आणि रानउंबराची फळं टोचणारा म्हणवतो. हे झाड आपल्या उंबराच्याच कुळातलं. फळाला चीर दिली की त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि फळ तीन-चार दिवसांत पिकतं. चीर नाही दिली तर ते कडक आणि बेचव राहतं. तकोव्याच्या उंचीवर ही झाडं होत नाहीत, म्हणजे कामासाठी हा माणूस सखल भागात उतरत असणार. बाजार त्याने जवळून पाहिला होता, हे लक्षात ठेवून आठवा अध्याय वाचायचा.

तिथे व्यापाऱ्यांवर आरोप आहे की ते एफा लहान करतात आणि शेकेल मोठा करतात. पुष्कळ ठिकाणी यावर ‘लबाडी करू नये’ एवढं सांगून पुढे जातात. इथे टेबलावर तराजू येतो. एफा म्हणजे धान्याचं माप, साधारण २२ लिटर. शेकेल म्हणजे वजनाचा दगड, साधारण ११.३ ग्रॅम. त्या काळी तिथे नाणी नव्हती, चांदी तोलून द्यायची. म्हणजे एकाच सौद्यात दोन मापं लागतात: धान्य मोजायला एफा आणि गिऱ्हाइकाची चांदी तोलायला शेकेल. आता एफा २० लिटरचा केला आणि दगड १२.५ ग्रॅमचा. गिऱ्हाइकाला धान्य कमी मिळतं आणि चांदी जास्त द्यावी लागते. गणित केलं की एका लिटरमागे जवळजवळ २२ टक्के जादा पैसे जातात, आणि कुठलंही एक माप डोळ्यांनी पाहून चोरी कळत नाही. वर आणखी गव्हाचं झाडलोट केलेलं भूसही विकलं जातं. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एवढं झालं की ‘परत फिरा’चा अर्थही उघड होतो: दगड बदला.

याच तासात चौथा अध्याय मोठ्याने वाचून घेतात. दुष्काळ, पावसाची ओढ, पिकावरचा तांबेरा आणि टोळ, मरी आणि तलवार, शेवटी सदोम नगरासारखा उलथापालथ करणारा नाश. प्रत्येकानंतर तेच पालुपद, एकूण पाच वेळा: तरी तुम्ही माझ्यापर्यंत परत आला नाहीत. हिब्रूत तिथे ‘अदाय’ आहे, म्हणजे माझ्याकडे एवढंच नाही, तर माझ्यापर्यंत. अर्ध्या वाटेवरून वळून थांबलेल्याला हा शब्द लागू होत नाही. शिक्षकांनी हा भेद फार नेमका पकडला आहे.

होशेयाचा तास ठीक. सकाळच्या दहिवरासारखी उडून जाणारी निष्ठा, ‘सोबत शब्द घेऊन या’ ही विनवणी, हे सगळं येतं, पण घाईत. यशयाच्या तासाला वेगळी गोडी आहे, कारण बेने इस्राएल घरांतली मंडळी पंचांग घेऊन येतात. बिरड्याच्या रोजाच्या, म्हणजे मंदिराच्या नाशासाठी धरायच्या उपासाच्या, आधीच्या शब्बाथाला (शनिवारी) यशयाचा पहिला अध्याय वाचला जातो. वालाचं बिरडं आणि यरुशलेमच्या मंदिराचा नाश यांची सांगड कोकणात कशी बसली, हे ऐकताना सगळा वर्ग पुढे सरकून बसतो. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, सकाळी यशयाचा ५८वा अध्याय असतो. उपास करून नोकरांना राबवणाऱ्यांना, भुकेल्याला भाकर द्या म्हणून सांगणारा हा उतारा दिवसभर उपाशी बसलेल्यांपुढेच वाचला जावा, यातच त्याची ताकद आहे.

पाचवा रविवार यिर्मयाचा आणि तो सभागृहात होत नाही. शीव स्थानकावर साडेनऊला जमून धारावीच्या कुंभारवाड्यात जायचं. ९० फुटी रस्त्याच्या कडेची ही वस्ती, मूळची सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची. यिर्मयाचा १८वा अध्याय इथेच वाचावा. संदेष्टा कुंभाराच्या घरी ‘खाली’ जातो. तिथे कुंभार दोन दगडांवर काम करत असतो, म्हणजे वरची तबकडी आणि खालचं पायाने फिरवायचं जड चाक. हातातलं भांडं बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं घडवतो. भांडं का बिघडतं, हे चाकाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. गोळा मधोमध बसला नाही तर भिंत एका बाजूला पातळ होऊन लचकते. मातीत खडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर बोट तिथे अडतं आणि चीर जाते. पाणी जास्त झालं तर काठ बसतो. यातल्या कशासाठीही माती फेकून देत नाहीत. मळून परत चाकावर चढवतात. अगदी वाळलेलं कच्चं भांडंसुद्धा पाण्यात भिजत घातलं की पुन्हा चिखल होतं.

त्यानंतर भट्टीजवळ १९वा अध्याय. इथे यिर्मया मातीचा सुरईसारखा कुंभ विकत घेतो आणि वडीलधाऱ्यांसमोर फोडतो: हा जसा पुन्हा सांधता येत नाही, तसं हे शहर. साधारण ५०० ते ६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी कायमचं निघून जातं. त्यानंतर कितीही भिजवा, भाजलेलं मडकं माती होत नाही. दोन अध्यायांमधलं अंतर म्हणजे कच्ची माती आणि भाजलेली माती. परत फिरण्याला मुदत असते, हे यिर्मयाचं म्हणणं इथे हाताला लागतं. भट्ट्या कापसाच्या टाकाऊ मालावर पेटतात आणि धूर फार होतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी रुमाल घ्यावा आणि भट्टीच्या भागात थांबू नये. पावसाळ्यात मात्र ही भेट ठेवण्यात अर्थ नाही. माल वाळत नाही, भट्ट्या कमी लागतात आणि अर्धा धडा हुकतो. आयोजकांनी वेळापत्रक दिवाळीनंतर न्यावं.

सहाव्या रविवारी ३४वा अध्याय, आणि इथे शिकवण्याची पद्धत पुन्हा फळ देते. इ.स.पू. ५८८च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा दिला, तेव्हा श्रीमंतांनी करार करून आपले हिब्रू दास मोकळे केले. पुढे मिसरचं सैन्य येतंय म्हणून वेढा उठला, आणि त्यांनी त्याच माणसांना परत धरून आणलं. यिर्मया दोन्हींसाठी एकच क्रियापद वापरतो: तुम्ही वळलात आणि योग्य ते केलंत, मग वळलात आणि दासांना परत वळवून आणलंत. छापील मराठीत हे शब्द वेगवेगळे झाले की खेळ दिसेनासा होतो. वर्गात दिलेल्या पानावर अशा प्रत्येक जागी तांबड्या शाईने ‘शूव’ लिहिलेला आहे. असं पान प्रत्येक तासाला हवं होतं.

टिपणांबद्दल मात्र तक्रार आहे. कालपटात यहूदाच्या यहोयाकीम राजाने यिर्मयाचे इशारे लिहिलेली गुंडाळी जाळल्याचा प्रसंग यरुशलेमच्या पाडावाच्या वर्षात, इ.स.पू. ५८६मध्ये, घातला आहे. तो इ.स.पू. ६०४च्या हिवाळ्यातला. राजा शेगडीपुढे बसला होता, तीन-चार स्तंभ वाचून झाले की लेखकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापून विस्तवात टाकत होता. मधली सतरा-अठरा वर्षं गाळली की इशारा आणि परिणाम लगोलग आल्यासारखे दिसतात, आणि मुदतीचा मुद्दाच पुसला जातो. कुंभारवाड्यात जे कमावलं, ते टिपणाने घालवू नये.

दुसरा गोंधळ वचनांच्या आकड्यांचा. हिब्रू आवृत्ती आणि ख्रिस्ती मराठी आवृत्ती यांत अध्याय वेगळ्या ठिकाणी तुटतात. होशेय १४चं पहिलं वचन हिब्रूत दुसरं आहे. योएलाचे मराठीत तीन अध्याय, हिब्रूत चार. मलाखीचं उलट, मराठीत चार आणि हिब्रूत तीन. मिश्र वर्गात ‘मलाखी चार’ म्हटलं की निम्मी माणसं पानं चाळत राहतात, आणि दर वेळी पाच मिनिटं जातात. टिपणात दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापले की प्रश्न मिटतो. तोवर नाव नोंदवणाऱ्यांनी ही जुळणी घरूनच पेन्सिलीने करून आणावी.

यहेज्केलवर एकच तास देणं अपुरं आहे. बापाने आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून मुलाचे दात आंबले, ही म्हण मोडून काढणारा १८वा अध्याय म्हणजे या सगळ्या विषयाचा कणा. बाबेलात खबार कालव्याकाठी बसलेल्या निर्वासितांना सांगितलं जातं की वाडवडिलांचा हिशेब तुमच्या डोक्यावर नाही, आणि कालचा तुमचा स्वतःचा हिशेबही अखेरचा नाही. त्याला दोन तास हवेत. वाटल्यास मीखाचा अर्धा तास कापावा.

शेवटचा रविवार योना, आणि जोडीला मलाखी. योनाची ४८ वचनं सलग वाचतात, हे उत्तम. दारफाळणीच्या दुपारीही ती सबंधच वाचली जातात. निनवे या अश्शूरी नगरातला योनाचा उपदेश हिब्रूत फक्त पाच शब्दांचा आहे: आणखी चाळीस दिवस आणि निनवे उलटेल. यात ‘परत फिरा’ नाहीच, तरी राजापासून गुराढोरांपर्यंत सगळे शोकाची खूण म्हणून गोणपाट नेसतात. शिक्षक सांगतात की ‘नेहपाखेत’ या क्रियापदाचे दोन अर्थ निघतात, नगर उद्ध्वस्त होईल किंवा नगर पालटेल. इथवर बरोबर. पण त्याच धातूचा शब्द होशेयाच्या सातव्या अध्यायात येऊन गेलेला असतो: एफ्राईम (उत्तरेचं इस्राएल राज्य) म्हणजे न उलटलेली भाकर, एका अंगाने करपलेली आणि दुसऱ्या अंगाने कच्ची. तिसऱ्या रविवारी ती प्रतिमा दोन मिनिटांत सोडून दिली आणि आठव्या रविवारी तिची आठवणही काढली नाही. तव्यावर भाकरी उलटायची वेळ चुकली की काय होतं, हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक असताना ही जोडणी सोडणं हा या वर्गातला सर्वांत मोठा तोटा वाटतो. मलाखीचा शेवट मात्र छान जमतो. एलिया संदेष्टा येईल आणि बापांची मनं मुलांकडे वळवील, तिथेही ‘शूव’च. ज्या बेने इस्राएल घरांत मलिद्याच्या (गोड पोह्यांच्या) ताटापुढे एलियाहू हनाबीचं, म्हणजे याच एलियाचं, नाव घेतलं जातं, त्यांना हे वचन त्या क्रियापदासह ऐकायला मिळतं.

शुल्क आठ रविवारांचं मिळून १,२०० रुपये, टिपणं त्यातच. सभागृह पहिल्या मजल्यावर, उद्वाहन नाही, आणि मागच्या तीन रांगांत पंख्यांच्या आवाजात हिब्रू उच्चार नीट ऐकू येत नाहीत. पुढे बसावं. हिब्रू लिपी येण्याची गरज नाही. सोबत स्वतःचं पवित्र शास्त्र, जमलं तर दोन वेगळ्या आवृत्त्या, आणि पेन्सिल. आमोस आणि होशेय पहिल्या दिवसाआधी एकदा सलग वाचून यावेत. दोन्ही मिळून २३ अध्याय, एका निवांत दुपारचं काम.