आठ महिने आणि २२८ ग्रॅम: जड, रुंद फोन वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी फोन बदलायचे ठरवले तेव्हा कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन, स्टोरेज आणि किती वर्षे अपडेट मिळणार, या सगळ्यांची मी बारकाईने तुलना केली होती. वजनाचा आकडा नजरेखालून गेला होता, पण त्यावर मी थांबले नाही. २२८ ग्रॅम म्हणजे माझ्या जुन्या फोनपेक्षा ७७ ग्रॅम जास्त, आणि तेवढ्याने काय बिघडणार, असे तेव्हा वाटले. दुकानात फोन हातात घेतला तेव्हा तर तो जडपणा आवडलाच. काहीतरी भरीव, दणकट हाती आले असे वाटले. आठ महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की वजनाने फरक पडतो, आणि चांगलाच पडतो, मात्र तो खरेदीच्या दिवशी कळत नाही. शिवाय ‘फोन जड आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा ती तक्रार बरीचशी रुंदीची असते.

आधी वजनाचेच सांगते. खोक्यावरचा किंवा संकेतस्थळावरचा आकडा हा उघड्या फोनचा असतो, आणि उघडा फोन फार थोडे लोक वापरतात. मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर माझा फोन ठेवून पाहिला तेव्हा दुकानदाराने सुचवलेले जाड कव्हर ४० ग्रॅमचे आणि काचेचा स्क्रीन गार्ड ९ ग्रॅमचा निघाला, म्हणजे मी रोज २७७ ग्रॅम हातात धरत होते. जुना फोन त्याच्या पातळ कव्हरसकट १६८ ग्रॅमचा होता. तुलना करताना मी ७७ ग्रॅम धरले होते, प्रत्यक्षात फरक १०९ ग्रॅमचा होता.

तरीही पहिले दोन आठवडे काहीच जाणवले नाही. बोलणे, संदेश पाठवणे, पैसे देणे, रस्ता पाहणे ही सगळी कामे मिनिटा-दोन मिनिटांची असतात आणि तेवढ्या वेळात हाताला कसलेच ओझे होत नाही. माझी अडचण सुरू झाली ती वाचनामुळे. कामासाठी मला लांबलचक मजकूर वाचावा लागतो आणि त्यातला बराचसा मी रात्री आडवी पडून, एका हातात फोन धरून वाचते. असा फोन धरताना चार बोटे मागे, अंगठा स्क्रीनवर आणि करंगळी खालच्या कडेला टेकू म्हणून, ही पकड आपोआप होते. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री फोन खाली ठेवला तेव्हा करंगळीच्या मधल्या पेरावर कडेची सरळ खाच उमटलेली दिसली आणि बोटाला मुंग्या आल्या होत्या. पुढे महिन्याभरात अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ ठणका लागू लागला. हे केवळ फोनमुळे झाले असे मी म्हणणार नाही, कारण दिवसभर टंकलेखनही चालूच असते. परंतु डॉक्टरांनी अंगठ्याला विश्रांती द्यायला सांगितली, मी आठवडाभर रात्रीचे वाचन जुन्या फोनवर केले, आणि ठणका कमी झाला.

केवळ १०९ ग्रॅमने एवढे कसे होते, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर पेन्सिलीने दिले. टेबलावर गोल पेन्सिल ठेवून तिच्यावर फोन आडवा तोलून पाहिला, तर तो बरोबर मधोमध तोलला जात नव्हता; तोलाची जागा कॅमेऱ्याच्या बाजूला सुमारे ६ मिलिमीटर सरकलेली होती. म्हणजे फोनचा निम्म्याहून जास्त भार वरच्या अर्ध्या भागात आहे, आणि माझा हात मात्र त्याला खालच्या एक-तृतीयांश भागात धरतो. हाताने जेथे धरले आहे तेथून भार जितका दूर, तितका फोन पुढे कलायला पाहतो आणि तितकी पकड घट्ट ठेवावी लागते. काट्यावर दिसणारे ग्रॅम आणि मनगटाला जाणवणारे ओझे यांत फरक पडतो तो इथे. उंच फोन, त्यात वरच्या टोकाला मोठा कॅमेरा, अशी रचना असेल तर त्याच वजनाच्या आटोपशीर फोनपेक्षा तो जड वाटणारच.

आता रुंदीकडे येते, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. माझा फोन ७८ मिलिमीटर रुंद आहे आणि कव्हर घातल्यावर तो ८१ होतो. माझा हात लहान आहे. फोन तळहातात पक्का धरला की अंगठा समोरच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. पोहोचवायचा तर पकड सैल करून फोन तळहातावर सरकवावा लागतो, आणि त्या क्षणी २७७ ग्रॅमचा भार फक्त बोटांच्या टोकांवर असतो. फोन दोनदा हातातून सुटला तो याच हालचालीत, वरच्या कोपऱ्यातले बटण दाबायला जाताना. त्यातला एकदा आडवी असताना थेट नाकाच्या हाडावर पडला आणि दोन दिवस सूज होती.

नोकियाचा ३३१० हा २००० सालचा फोन आठवून पाहा. तो १३३ ग्रॅमचा आणि तब्बल २२ मिलिमीटर जाड होता, आजच्या बहुतेक फोनांच्या दुपटीहून जाड. पण रुंदी होती ४८ मिलिमीटर, त्यामुळे तो मुठीत नीट मावायचा. जाडी हाताला एवढी खुपत नाही. मूठ बंद होते की नाही हे रुंदीवर ठरते.

म्हणूनच सध्याच्या सडपातळ फोनांच्या लाटेकडे मी थोड्या सावधपणे पाहते. २०२५ मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ एज ५.८ मिलिमीटर जाड आणि १६३ ग्रॅमचा आहे. तेवढ्याच ६.७ इंची स्क्रीनचा एस२५ प्लस ७.३ मिलिमीटर आणि १९० ग्रॅमचा आहे. वजनातले २७ ग्रॅम कमी झाले ही चांगलीच गोष्ट आहे, पण रुंदी दोन्हींची ७५ मिलिमीटरच्या वरच राहिली, आणि बॅटरी मात्र ४,९०० वरून ३,९०० एमएएचवर आली. त्याच वर्षी आलेला ॲपलचा आयफोन एअर १६५ ग्रॅमचा आणि ५.६ मिलिमीटरचा आहे, पण रुंदी तिथेही ७५ मिलिमीटरच्या आसपासच. जाहिरातीत आडव्या धरलेल्या फोनची कड दाखवता येते, म्हणून जाडी कमी करण्यावर एवढी मेहनत घेतली जाते, असे मला वाटते. अंगठ्याची पोच चित्रात दाखवता येत नाही.

वजन येते कुठून, हेही या निमित्ताने समजून घेतले. मोठा वाटा बॅटरीचा असतो; ५,००० एमएएचची बॅटरी एकटीच साधारण ७० ग्रॅमच्या घरात जाते. त्यानंतर पुढची-मागची काच, धातूची चौकट आणि कॅमेऱ्याची भिंगे. चौकटीच्या धातूने किती फरक पडतो हे आयफोनच्या दोन पिढ्यांत दिसते: पोलादी चौकटीचा १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅमचा होता, २०२३ मध्ये टायटॅनियमची चौकट आली आणि १५ प्रो मॅक्स २२१ ग्रॅमचा झाला. पोलादाची घनता टायटॅनियमच्या जवळपास पावणेदोन पट असते, त्यामुळे हे होणारच होते. बॅटरीतही बदल होत आहे. ग्रॅफाइटऐवजी सिलिकॉन मिसळलेल्या कार्बनचा वापर केला की तेवढ्याच वजनात जास्त वीज साठते. मात्र उत्पादकांनी तो फायदा फोन हलका करण्यासाठी क्वचितच वापरला. बहुतेकांनी त्याच वजनात सहा-सात हजार एमएएच बसवले. मला यात हळहळ वाटते. माझ्यासारखीला पाच हजारांतच हलका झालेला फोन चालला असता.

ग्राहकांना वजनाचे काही पडलेले नाही, असे म्हणणारे आयफोन मिनीचे उदाहरण देतात. १२ मिनी २०२० मध्ये आणि १३ मिनी २०२१ मध्ये आला, दोन्ही १४० ग्रॅमच्या आसपास आणि ६४ मिलिमीटर रुंद. २०२२ च्या मालिकेत मिनी नव्हता, त्याऐवजी मोठा प्लस होता. परंतु मिनी घेणाऱ्याला हलकेपणाबरोबर लहान बॅटरी आणि लहान अक्षरेही घ्यावी लागत होती. लोकांनी नाकारले ते वजन कमी असणे की दुपारीच चार्जर शोधावा लागणे, हे त्या एका उदाहरणावरून ठरवता येत नाही. हलकाही आहे आणि रात्रीपर्यंत टिकतोही, असा फोन जड फोनच्याच किमतीत समोर ठेवला, तर निवड वेगळी होईल याबद्दल मला शंका नाही.

वजनाचा प्रश्न कोणासाठी सर्वांत मोठा आहे, हे मला आईमुळे कळले. तिच्या बोटांचे सांधे दुखतात. एकदा मी तिला माझा फोन बोलायला दिला, तर पाचेक मिनिटांत तिने तो उशीवर ठेवला, स्पीकर लावला आणि पुढचे बोलणे तसेच केले. जडपणाबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. विचारले तेव्हा म्हणाली, “चांगला आहे गं, फक्त हाताला रग लागते.” वयस्कर माणसांना मोठी अक्षरे दिसावीत म्हणून घरचे लोक त्यांना हमखास मोठा फोन घेऊन देतात, आणि तो पेलण्याचा विचार त्यात राहून जातो.

मी माझ्या बाजूने जे उपाय केले त्यांतला एक उपयोगी पडला. जाड कव्हर काढून १८ ग्रॅमचे पातळ कव्हर लावले, २२ ग्रॅम कमी झाले, पण फारसे हायसे वाटले नाही. नंतर फोनच्या मागे, तोलाच्या जागेवर, बोट अडकवायची रिंग चिकटवली. रिंग १२ ग्रॅमची आहे, म्हणजे वजन पुन्हा वाढले, आणि तरीही फोन त्या दिवसापासून हलका वाटू लागला, कारण भार करंगळीवरून उठून मधल्या बोटावर, तोही बरोबर तोलाच्या रेषेत आला. अंगठाही मोकळा झाला. तोटे आहेत: फोन टेबलावर सपाट बसत नाही आणि वायरलेस चार्जिंग करायचे तर रिंग आड येते. हे मी चालवून घेतले आहे.

फोन मी विकणार नाही. त्याची बॅटरी मला सकाळपासून रात्रीपर्यंत पुरते, स्क्रीनवर एका ओळीत पुरेसे शब्द मावतात, आणि चित्रीकरण करताना जड फोन कमी हलतो हेही खरे आहे. पण पुढच्या महिन्यात आईसाठी फोन घ्यायचा आहे. त्यासाठी मी तिच्या जुन्या फोनची रुंदी पट्टीने मोजून ठेवली आहे, ७१ मिलिमीटर, आणि दुकानात निवडलेला फोन तिने कव्हरसकट दहा मिनिटे एका हातात धरून बसावे, असे आमचे ठरले आहे.